नाशिक ते न्यूयॉर्क: तास घरापासून मोजा

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा आधी विचारतात, विमानात किती तास? मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर, थेट विमानाला जाताना 16 तासांच्या आसपास. पण हा आकडा विमानाचा झाला. तयारी करायची ती नाशिकच्या घरापासून तिकडच्या घरापर्यंतची, आणि ती 27-28 तासांच्या खाली येत नाही.

म्हणून सगळ्यात आधी तिकिटावरची तारीख नीट वाचा. मुंबईची लांबची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 12 तारीख, रात्री 1:30 असेल, तर नाशिक सोडायचं 11 तारखेला दुपारी. तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला विमानतळावर पोहोचायचं आहे. इगतपुरीपासून समृद्धी महामार्गामुळे कसारा घाट टळतो हे खरं, पण भिवंडी-ठाण्याची संध्याकाळची गर्दी टळत नाही. चारच्या पुढे घर सोडू नका, हे मी हट्टाने सांगते. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जायचं असेल, तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय कंपनीला करावी लागते.

औषधांना सगळ्यात जास्त वेळ द्या. रात्री दीडला निघून 16 तासांनी उतरलात, की आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच आणि तिथे उन्हाळ्यात त्याच तारखेच्या सकाळचे आठ वाजलेले असतात. फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. मग सकाळची बीपीची गोळी कुठल्या सकाळी घ्यायची? हे डॉक्टरांकडून वेळेसकट कागदावर लिहून आणा, इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. एक घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवर राहू द्या. गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

खाऊचं थोडक्यात: चिवडा, लाडू खुशाल न्या, फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगा. ताजी द्राक्षं नेऊ नका, कितीही वाटलं तरी. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणारं मानलं जातं.

सोळा तास बसून पाय सुजतात, रक्ताची गाठ होण्याचा धोकाही असतो. कडेची सीट आधीच मागून घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा.

परतीचं विमान बहुधा लवकर पोहोचतं, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना तेच वारे समोरून येतात. शिवाय 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाल्यापासून त्यांच्या विमानांना वळसा पडू लागला. तेव्हा जुन्या प्रवाशांनी सांगितलेल्या वेळांवर जाऊ नका, तिकिटावरची वेळ धरा.

तिकडचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टात ठेवा, मोबाइलची बॅटरी संपली तर तोच उपयोगी पडतो. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा, विमान उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा यांत तास-दोन तास जातात, फोन लागला नाही तर घाबरू नका.