तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? आधी वजन करा

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातले सगळे पैसे, रक्त आणि रजा यांच्या मागे लागतात. ते कराच, पण आजच पेशंटचं वजन करून तारखेसह वहीत लिहा. मग दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी काही खाण्याआधी. वडिलांच्या वेळी आम्ही सगळे रिपोर्ट फाइलला लावले, वजन तेवढं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सहा महिन्यांत किती उतरलं, हे डॉक्टर उगाच विचारत नाहीत. 10 टक्क्यांहून जास्त, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 6 किलोहून अधिक उतरलं असेल, तर आधी आठवडा-दोन आठवडे पोषण सुधारून मग ऑपरेशन करणं बरं पडतं. खंगलेल्या शरीरात जखम भरत नाही, टाके सुटतात, जंतुसंसर्ग होतो.

तंबाखू, सुपारी, मिश्री आजपासून बंद. यावर चर्चा नको.

आता खाणं. दुखतंय म्हणून पेज, नारळपाणी, मोसंबीचा रस सुरू होतो. त्याने पोट भरतं, पण प्रोटीन जवळजवळ काहीच मिळत नाही. रोज किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे 60 किलोला 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम असतं, यावरून अंदाज घ्या. पेज द्यायचीच तर तिच्यात दूध पावडर घाला. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी वरून तूप सोडून, घोटलेलं अंडं, दही, सातूचं पीठ दुधात, हे दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. सुपारीने तोंड आखडलं असेल तर सगळं मिक्सरमधून काढून गाळा. तिखट, आंबट नको. डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी आहारतज्ज्ञांना विचारा. आणि एक धोका: ज्याच्या पोटात कित्येक दिवस फारसं काही गेलेलं नाही, त्याला एकदम भरपूर देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून जिवावर बेतू शकतं. अशा वेळी डॉक्टर सांगतील तसंच वाढवत न्या.

खातोय ना, मग ठीक आहे, असं समजू नका. वजन करा, लिहा. उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. अन्न देण्यासाठी नाकातून पोटात नळी ऑपरेशनच्या आधीही घालता येते, तिला घाबरून दिवस घालवू नका.

दात दाखवून घ्या. आदल्या दिवशी उगाच लवकर उपाशी ठेवू नका, भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ पाळा.

ऑपरेशननंतर नळीचं फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न. गाळलेलं, कोमट. पेशंटला टेकून बसवा, नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं होऊ देऊ नका. प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर नळीतून पाणी सोडा, नाहीतर ती तुंबते. नळी सरकली किंवा फीड देताना ठसका लागला तर थांबा, हॉस्पिटलला विचारा. तोंडाने घोटभर पाणीसुद्धा सर्जन सांगेपर्यंत नाही.

घरी आल्यावर वजन चालूच. रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशनपासून साधारण 6 आठवड्यांच्या आत सुरू होतं आणि त्यात वजन पुन्हा उतरतं, म्हणून वही बरोबर न्या. गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम हॉस्पिटलमधून शिकून घ्या, रोज करा.