कॅनबेराला कला शिकायला येताय? आधी त्या २०० खोडांपाशी जा

कला-इतिहास शिकायला इथे आले, तेव्हा पहिल्याच निबंधात मी एका ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या) चित्रातल्या खुणांचा अर्थ बिनदिक्कत लिहून टाकला होता. बाईंनी समासात एवढंच लिहिलं : ‘हे सांगायचा हक्क कुणाचा?’ दोन दिवस मला ते लागून राहिलं. मग त्यांनीच मला नॅशनल गॅलरीत पाठवलं.

तिथे ‘ॲबोरिजिनल मेमोरियल’ आहे. वाळवीने आतून पोखरलेली २०० खोडं, माणसाच्या उंचीची, काही त्याहून उंच, गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि काळा यांनी रंगवलेली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आर्नहेम लँड या भागात अशा खोडात मृताच्या अस्थी ठेवायची परंपरा आहे. ही खोडं मात्र रिकामी आहेत. १७८८ पासून आपली जमीन राखताना जे मारले गेले आणि ज्यांचे अंत्यविधीही झाले नाहीत, त्यांच्यासाठी ती आहेत. १९८८ मध्ये देश वसाहतीची दोनशे वर्षं साजरी करत होता, तेव्हा कला-सल्लागार जॉन मंडीन यांच्या कल्पनेतून आर्नहेम लँडमधल्याच रामिंगिनिंगच्या ४३ कलाकारांनी वर्षाला एक खोड या हिशेबाने ती उभी केली. मधून वाट आहे, तिकडच्या ग्लाइड नदीसारखी. जवळ गेलात की काही खोडांवर वरच्या बाजूला छोटंसं भोक दिसेल. आत्म्याला आपली भूमी पाहता यावी म्हणून ते असतं. मी तिथे बराच वेळ उभी होते.

त्या कलाकारांत डेव्हिड मलंगीही आहेत. १९६६ च्या एक डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं गेलं, तेही त्यांना न विचारता. मानधन आणि पदक नंतर मिळालं. बाईंच्या प्रश्नाचा रोख तेव्हा मला कळला. (वारलीची चित्रं कपबशांवर बघून आपल्याला तरी कुठे काही वाटतं?)

‘रिकन्सिलिएशन’ म्हणजे मूळ रहिवासी आणि बाकीचा देश यांच्यातला समेट, हा शब्द इथे सतत कानावर पडेल. मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी काढलेल्या २०१७ च्या उलुरू निवेदनात करारांसोबत सत्यकथनाचीही मागणी आहे. मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं मंडळ राज्यघटनेत आणण्यासाठीचं २०२३ चं सार्वमत हरलं, त्याबद्दल वर्गात कुणी गप्प झालं तर खोदून विचारू नका.

निबंधात कलाकाराचं नाव, कुळ आणि प्रदेश लिहा. अर्थ त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलाय तेवढाच द्या. फोटो काढण्याआधी दारावरची सूचना वाचा, कारण मृतांची नावं आणि छायाचित्रं दाखवणं अनेक समाजांत दुखावणारं असतं. चित्र विकत घ्यायचंच असेल, तर समाजाच्या मालकीच्या कला केंद्रातून घ्या.

मी तो निबंध परत लिहिला. अर्धाच झाला, पण या वेळी त्यातलं प्रत्येक वाक्य कुणाचं आहे ते मला सांगता आलं.