जीपमधलं बेवारस इंजिन

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलची दोन वर्षं काढून परभणीत एका गॅरेजला लागलो, तेव्हा वाटायचं गाडीचं नाव कळलं की इंजिन कळलं. पहिल्याच उन्हाळ्यात हा समज उतरला.

जिंतूरकडच्या एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गाडी आणली. चेसिस जुन्या जीपची, वर गावातच ठोकून घेतलेली पत्र्याची उघडी बॉडी, डॅशबोर्ड चक्क सागवानी. काळीपिवळ्या जोरात होत्या तेव्हा पेट्रोलचं इंजिन काढून मिळेल ते डिझेल बसवायचे, तसलंच हे काम. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरच्या झाकणामधली (हेडमधली) पट्टी, गेलेलं, रेडिएटरात बुडबुडे. मालक छातीठोकपणे म्हणाले, "मर्सिडीजचं इंजिन हाय."

हे वाक्य तुम्हीही ऐकाल. टेम्पो ट्रॅक्सला मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन यायचं, म्हणून आपल्याकडं कुठलंही जुनं डिझेल मर्सिडीजच होऊन बसतं. पण ते ओळखणं सोपं आहे. त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वर हेडमध्येच असतो. आम्ही हेडवरचं टॅपेट कव्हर उघडलं तर रॉकर आणि खालून आलेले पुशरॉड, म्हणजे कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. मर्सिडीज पाच मिनिटांत बाद.

हेड उतरवलं आणि मी बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भोकाच्या रुंदीला, व्हर्निअर लावला. जवळपास ९० मिमी. महिंद्राच्या जीपना प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन यायचं, त्याचा बोअर ९०. मी हुरळून नांदेडहून गॅस्केट मागवलं. ब्लॉकवर ठेवलं तर गॅस्केटची पाण्याची भोकं एकीकडं, ब्लॉकची भलतीकडं. पैसे माझ्या पगारातून गेले, ते बरोबरच होतं.

उस्ताद चहाचा कप खाली ठेवून आले. "याला हीटर प्लग कुठायत रे?"

एकही नव्हता. थंड इंजिन चालू व्हावं म्हणून आत गरम करणारा हा प्लग प्यूजोला प्रत्येक सिलिंडरला असतो. ही गोष्ट हेड उतरवायच्या आधीच दिसत होती, पण मी आकड्याच्या नादात होतो.

"अन् पिस्टन खाली किती जातंय ते मोजलं का? बोअर कुणीबी वाढवतंय लेकरा. क्रँक कोण वाढवायलंय?"

पिस्टन अगदी वर आणून ब्लॉकच्या माथ्यापासून मोजला, मग पुलीला पाना लावून पूर्ण खाली नेला आणि पुन्हा मोजला. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक, तो पिस्टनला वरखाली नेणाऱ्या क्रँकवर ठरतो. १०१.५ आला. प्यूजोचा ८३ असतो, ओएम ६१६ चा ९२.४. १०१.६ स्ट्रोक आणि ८८.९ बोअर असतो महिंद्राच्या २५२३ सीसी डीआय इंजिनाचा. डीआय म्हणजे डिझेल सरळ पिस्टनवर फवारणारं, म्हणून हीटर प्लग नाहीत. मग वरचा एक मिमी आला कुठून? पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरडली, खाली ४० चा आकडा ठोकलेला. कुणीतरी ४० थाउ (इंचाचे हजारांश, साधारण एक मिमी) बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले होते.

नव्या पोरांनी तेव्हापासूनची माझी सवय घ्यावी. आधी डिझेल आणि तारेच्या ब्रशनं ब्लॉक धुवा, मळाखाली बरंच काही असतं. आकडे सापडले की हात फिरवून बघा. उठावाचा आकडा ओतकामातला, तो त्या साच्यातल्या सगळ्या ब्लॉकवर सारखाच असतो आणि एकाच ब्लॉकची दोन-तीन इंजिनं निघू शकतात. पंचानं खोल ठोकलेला असतो तो इंजिन नंबर, या एकाच इंजिनाचा. खडू घासला की तो उठून दिसतो, मग फोटो काढा. टॅपेट कव्हरवरच्या नावाला मी तर काडीचीही किंमत देत नाही, कव्हर चार बोल्टांत बदलतं.

हा ठोकलेला नंबर आरसी बुकाशी ताडून बघाच, आणि तेही काम हातात घ्यायच्या आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं असा इंजिनाचा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही. नंबर खोडलेला किंवा घासलेला दिसला तर उस्तादांना सांगा आणि पान्याला हात लावू नका.

आमच्या गाडीचा नंबर साफ होता. मालकांनी सीटखालून आरसी बुक काढलं, उस्तादांनी चष्मा लावला आणि इंधनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. पेट्रोल.