शंभर सिम्युलेशन लवकर संपवायची असतील, तर प्रत्येकाला एकच थ्रेड द्या

एकच छोटे सर्किट रोधकांच्या किंवा तापमानाच्या वेगवेगळ्या मूल्यांसाठी शेकडो वेळा चालवायचे असते, तेव्हा एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरला अधिक थ्रेड (प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) देऊनही एकूण वेळ फारसा कमी होत नाही. ओपनएमपी या समांतर गणनेच्या पद्धतीचे थ्रेड तेथे मुख्यतः बीसिम घराण्यातील ट्रान्झिस्टर मॉडेलांच्या गणनेपुरतेच वाटले जातात. सर्किटच्या समीकरणांचे मॅट्रिक्स सोडवण्याचे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर राहते.

अशा वेळी समांतरता सिम्युलेटरच्या आत नव्हे, बाहेर ठेवावी.

१. एनजीस्पाइस सुरू होताना वाचते त्या स्पाइसइनिट फाइलमध्ये ‘सेट नम_थ्रेड्स=१’ ही ओळ लिहावी.
२. प्रत्येक मूल्यासाठी स्क्रिप्टने स्वतंत्र नेटलिस्ट (सर्किटचे वर्णन करणारी मजकूर फाइल) तयार करावी: सर्किट_००१, सर्किट_००२ अशी.
३. त्या सर्व नेटलिस्टची यादी एक्सआर्ग्ज या कमांड-लाइन साधनाकडे सोपवावी आणि प्रत्यक्ष कोअर ८ असतील, तर एका वेळी ८ प्रक्रिया बॅच पद्धतीने (म्हणजे वापरकर्त्याच्या हस्तक्षेपाविना) चालवाव्यात. एक संपली की पुढची आपोआप सुरू होते, त्यामुळे कोणताही कोअर रिकामा बसत नाही.

मात्र प्रत्येक नेटलिस्टमध्ये निकालाच्या फाइलचे नाव वेगळे आहे ना, हे आधी नक्की तपासावे. निकाल फाइलमध्ये लिहिणाऱ्या ‘राइट’ आज्ञेपुढे सर्वत्र एकच नाव राहिले, तर प्रक्रिया एकमेकींचे निकाल पुसून टाकतात, आणि कोणतीही त्रुटी न दिसता शेवटी एकच फाइल हाती उरते.

एकच सर्किट अवाढव्य असेल, तर ही युक्ती उपयोगाची नाही. त्यासाठी सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेचा मुक्तस्रोत सिम्युलेटर ‘झाइस’ एमपीआयसह (एकच काम अनेक प्रक्रियांमध्ये वाटण्याच्या पद्धतीसह) चालवणे मला अधिक योग्य वाटते.