ग्रॅडचा आठवडा एप्रिलमध्ये, तयारी जानेवारीपासून

आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे पदवी हातात पडलेला माणूस. अमेरिकेत तो अजून शिकतोच आहे, मास्टर्स नाहीतर पीएचडी. या मंडळींसाठी इथली बरीच विद्यापीठं एप्रिलच्या सुरुवातीला कौतुक सप्ताह करतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ज्याने एकदा वर्गणीचा हिशेब ठेवलाय, त्याच्या गळ्यात हे काम हमखास पडतं. माझ्या दोनदा पडलं. पुढचा जो कोणी असेल त्याच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

जानेवारीत पहिलं काम म्हणजे तारखा. नुसतं विद्यापीठाचं कॅलेंडर बघून भागत नाही, सगळ्यांचे सण बघा. २०२४ मध्ये ८ एप्रिलला, सोमवारी, खग्रास सूर्यग्रहण होतं, मंगळवारी पाडवा आणि बुधवारी ईद. म्हणजे सोमवारी दुपारी अर्धी जनता चष्मे लावून आकाशाकडे बघणार आणि रोजे असणारे दिवसा काही खाणार नाहीत. २०२६ मध्ये पासओव्हर १ एप्रिलच्या संध्याकाळपासून ९ तारखेपर्यंत, त्यातच ३ एप्रिलला गुड फ्रायडे. पासओव्हर पाळणारा ज्यू विद्यार्थी त्या दिवसांत खमिराचा पाव खात नाही, तेव्हा पिझ्झा हा एकमेव बेत ठेवू नका.

त्याच महिन्यात पैशाचे नियम समजून घ्या. विद्यार्थी फीच्या पैशातून दारू बहुतेक ठिकाणी चालत नाही. बक्षीस म्हणून गिफ्ट कार्ड वाटायचा मोह होतो, पण करखात्याच्या लेखी ते रोख रकमेसारखंच, आणि टीए-आरए, म्हणजे शिकवण्यात नाहीतर संशोधनात मदत करणारे विद्यार्थी, तर विद्यापीठाचे नोकर. कार्डांची नोंद ठेवता ठेवता हिशेबनीस रडकुंडीला येतो. बाहेरचं जेवण आणायला परवानगी लागते का, तेही विचारा. कॅम्पसचा एकाच केटररशी करार असू शकतो, शीतपेयाचासुद्धा. मग चुकीच्या कंपनीचे डबे टेबलावर ठेवले की कोणीतरी येऊन उचलायला लावतं. खोल्या फेब्रुवारी उजाडायच्या आत बुक करा. टी-शर्टची ऑर्डर तीन आठवडे आधी, आणि स्मॉल साइज कमी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कार्यक्रम कुठे आणि किती वाजता. पहिल्या वर्षी आम्ही हिरवळीवर भर दुपारी बार्बेक्यू केला. आले ते एरवीही येणारे, शिवाय वासाने खेचलेले अंडरग्रॅड, म्हणजे अजून पहिली पदवी करणारी मुलं. ज्यांच्यासाठी घाट घातला ते तळघरात मायक्रोस्कोपसमोर, नाहीतर दीडशे पेपर तपासत बसलेले. नोकरी करून संध्याकाळी शिकायला येणारे तर पाचच्या आधी कॅम्पसवर नसतातच. दुसऱ्या वर्षी ट्रॉलीवर कॉफी, चहा, फळं घेऊन आम्हीच रात्री साडेनऊला इमारतींमधून फिरलो. लॅबमध्ये खाणंपिणं नेता येत नाही, म्हणून ट्रॉली लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत लावायची आणि आधी विभागाच्या मेलिंग यादीवर वेळ कळवायची. तेव्हा इमारतींची यादी आधी करा, कार्यक्रमांची नंतर. एक शनिवार सकाळ मुलंबाळं असलेल्यांसाठी राखा. एफ-२ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला इथे नोकरी करता येत नाही, त्यांना कॅम्पसवर येण्याचं निमित्त मिळतं.

खाण्याच्या प्रत्येक भांड्यापुढे पाटी हवी: शाकाहारी, व्हीगन, हलाल, काय काय घातलंय. २०२३ पासून तीळ हा अमेरिकेच्या कायद्याने नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ झालाय आणि शेंगदाणा तर आधीपासून त्या यादीत आहे. आपला हात सवयीने दाण्याच्या कुटाकडे जातो. खिचडी करायची हौस असेल तर घरच्या पार्टीत करा.

एक सत्र करविवरणाचं ठेवाच, कारण १५ एप्रिल डोक्यावर असतो. परदेशी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना १०४०-एनआर हा नॉनरेसिडेंटचा, म्हणजे करापुरत्या अनिवासींचा, विवरणाचा फॉर्म भरावा लागतो, आणि ८८४३ हा फॉर्म उत्पन्न नसलं तरी. भारतीय विद्यार्थ्याला भारत-अमेरिका करकरारातल्या कलम २१ मुळे स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, एरवी नॉनरेसिडेंटला ते मिळत नाही. हे माहीत नसलेले दरवर्षी भेटतात. मात्र स्वयंसेवकांनी कोणाचे फॉर्म भरून देऊ नयेत, जाणकार माणूस बोलवा. लिंक्डइनसाठी फोटो काढून देण्यालाही मोठी रांग लागते. माणशी चार मिनिटं धरली तर तासाला पंधरा, तेवढ्याच जणांच्या वेळा नोंदवा.

प्राध्यापकांकडून आभाराच्या चिठ्ठ्या मागवायच्या असतील तर फेब्रुवारीत फॉर्म पाठवा आणि तीनदा आठवण करा. छापण्याआधी प्रत्येक चिठ्ठी वाचा. आमच्याकडे एकात लिहिलं होतं, "उत्तम काम. दुसरा चॅप्टर शुक्रवारपर्यंत." मग ज्यांच्या नावाने एकही आली नाही त्यांची यादी काढा आणि विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला गाठा. प्रत्येकाचे अर्ज, मुदती, आजारपणं त्या बाईंना ठाऊक असतात. त्यांनी लिहिलेल्या दोन ओळी प्राध्यापकांच्या पत्रापेक्षा चांगल्या निघतात, हा माझा अनुभव.

कोणीतरी विचारणारच, की कॉफी ठीक आहे, स्टायपेंड कधी वाढणार? प्रश्न रास्त आहे, हसून टाळू नका. डीनना बोलवायचं असेल तर भाषणाला बोलवू नका. ट्रॉलीमागे उभं राहून तासभर कप भरायला सांगा, म्हणजे तो प्रश्न योग्य माणसाच्या कानावर जाईल.

सप्ताह संपल्यावर बिलं त्याच आठवड्यात द्या. कुठल्या इमारतीत किती वाजता किती कप संपले ते लिहून पुढच्या समितीच्या फोल्डरमध्ये टाका. आणि उसने आणलेले थर्मास नीट धुऊन परत करा. चहातल्या आल्याचा वास पुढच्या कॉफीला येतो.