दवाखाना चार तास लांब असेल तेव्हा: नाशिकच्या डोंगरदऱ्यांत काम करणाऱ्यांसाठी प्रथमोपचाराची तयारी

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर कुणाचा पाय मोडला, तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत चार-पाच तास सहज जातात. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की हिशोबच राहत नाही. शहरात शिकवला जाणारा प्रथमोपचार रुग्णवाहिका थोड्या वेळात येईल असं धरून चालतो. रानात मात्र माणूस नीट तपासणं, तीच तपासणी पुन्हा पुन्हा करून लिहून ठेवणं आणि खाली कधी, कसं न्यायचं हे ठरवणं, ही तीन कामं सर्वात मोठी असतात. पट्टी बांधणं त्यामानाने सोपं आहे. ट्रेक लीडर, वनरक्षक, सर्वेक्षणाला जाणारे, पाड्यावरचे शिक्षक आणि आशाताई या सगळ्यांनी सराव करायचा तो याच तीन गोष्टींचा.

दुर्गम भागासाठीचे अभ्यासक्रम साधारण दोन पातळ्यांवर असतात. दोन दिवसांचा, सुमारे १६ तासांचा ‘वाइल्डरनेस फर्स्ट एड’ आणि आठ-दहा दिवसांचा, ७० ते ८० तासांचा ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’. अधूनमधून ट्रेक करणाऱ्याला पहिला पुरतो. इतरांची जबाबदारी घेऊन डोंगरात नेणाऱ्याने दुसरा करावाच. प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांची असते, पण हातातलं कसब त्याच्या कितीतरी आधी विसरायला होतं.

पहिली पाच मिनिटं

धावत जाऊ नका. आधी वर बघा: दगड अजून घसरतायत का, मोहोळ उठलंय का? मग हातमोजे घाला आणि ठरलेल्या क्रमाने तपासा. भळाभळा रक्त वाहतंय का, श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, मानेला किंवा पाठीला मार आहे का, अंग गार पडतंय का?

रक्तस्राव थांबवताना नेहमी होणारी चूक म्हणजे दर मिनिटाला कापड उचलून बघणं. तयार होऊ लागलेली गुठळी त्याने निघून येते. घड्याळ लावून सलग १० मिनिटं थेट जखमेवर दाबा. खोल जखमेत गॉझ ठासून भरा आणि मग दाबा. हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, किमान ४ सेंटिमीटर रुंद पट्टा काठीने पिळून रक्त थांबेपर्यंत आवळा. बुटाची नाडी किंवा सुतळी चालणार नाही, ती कातडीत रुतते आणि रक्त वाहतच राहतं. आवळल्याची वेळ लिहा, आणि दवाखान्यापर्यंत पट्टा सैल करू नका.

यानंतर डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून तपासणी. कपड्यांवरून नव्हे, कपड्यांच्या आत. एक मोडलेलं हाड दिसलं की सगळं लक्ष तिथेच जातं आणि पोटातला मार राहून जातो. नाडी, श्वास, शुद्ध आणि त्वचेचा रंग दर १५ मिनिटांनी नोंदवा, प्रकृती बिघडत असेल तर दर ५ मिनिटांनी. एका वेळच्या आकड्यापेक्षा आकडे कुठल्या दिशेने चाललेत ते महत्त्वाचं.

खाली पाठवायची चिठ्ठी अशी असावी:

‘पुरुष, ३४. सकाळी १०:२० ला पायरीवरून अंदाजे ६ फूट खाली पडला. शुद्ध हरपली नाही. उजव्या नडगीवर सूज, वाकडेपणा, कातडी शाबूत. बोटं हलतात, स्पर्श कळतो, पायाची नाडी लागते. १०:४०: नाडी १०८, श्वास २०. १०:५५: नाडी ९२, श्वास १६. मधुमेहाची गोळी घेतो. ऍलर्जी नाही. शेवटचं खाणं ८ वाजता, पोहे. काठ्यांनी पाय बांधला आहे. स्ट्रेचर आणि ८ माणसं हवीत. आम्ही दुसऱ्या दरवाज्याशी थांबलो आहोत.’

दरीत रेंज नसते, म्हणून ही चिठ्ठी दोघांच्या हाती द्या. एकट्याला कधीही पाठवू नका. रेंज मिळाली की १०८ किंवा ११२. कड्यावर अडकलेल्या माणसासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची मदत मागा. हरिहरसारख्या उभ्या पायऱ्यांवरून दोराचं तंत्र येत नसताना जखमीला उतरवायला जाऊ नका, दुसरा माणूस जायबंदी होतो.

साप, विंचू, मधमाश्या

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते शिरेतून, दवाखान्यातच देतात, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नाही. त्या खटाटोपात दुसऱ्याला दंश होतो. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, बूट लगेच काढा, सूज आल्यावर निघणार नाहीत. पाय मोडल्यासारखा काठीला बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालू देऊ नका. दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. सुजेच्या कडेवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहा आणि दर १५ मिनिटांनी नवी रेघ ओढा. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून दोन गोष्टी विचारा: प्रतिविष शिल्लक आहे का, आणि कृत्रिम श्वास देण्याची सोय आहे का?

मण्यारीचा दंश सर्वात फसवा. रात्री जमिनीवर झोपलेल्याला होतो, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं एवढंच दिसतं. पाड्यावर ही लक्षणं दिसली तर अपचन समजून वेळ घालवू नका. मण्यार किंवा नागाच्या विषाने श्वास बंद पडला तर तोंडाने श्वास देत राहा, अगदी दवाखान्याच्या दारापर्यंत. असा माणूस मेल्यासारखा दिसतो, पण त्याला सगळं ऐकू येत असतं. घोणस, फुरशाच्या दंशात रक्त गोठत नाही, म्हणून दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. पॅरासिटामॉल चालेल.

लाल विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार असं झालं तर तो हृदयावरचा ताण आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. जवळच्या सरकारी दवाखान्यात ते औषध ठेवतात का, हे चौकशी करून आधीच माहीत करून घ्या.

आग्या मोहोळ उठलं तर तोंड-मान झाकून लांब पळा. हात झाडू नका, खाली बसून राहू नका. काटे नखाने खरवडा किंवा ओढा, पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. अंगभर पित्त उठून घसा आवळला, घरघर किंवा चक्कर सुरू झाली, तर उपाय ॲड्रेनॅलीनचं इंजेक्शन. १ मिलीलिटर अँप्युलमध्ये १ मिलीग्रॅम असतं. प्रौढाला अर्धा मिलीलिटर, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सुधारणा नसेल तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. हे डॉक्टरच्या चिठ्ठीने आणि शिकून घेतलेल्यानेच करायचं. ॲलर्जीची गोळी याची जागा घेत नाही.

ऊन आणि ओला वारा

मे महिन्यात उन्हात माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला, की तो उष्माघात. आधी गार करा, मग हलवा: सावली, कपडे काढून अंगावर पाणी आणि जोरात वारा. पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जाईल. नुसतं थकलेल्याला ओआरएसचं एक पाकीट बरोबर १ लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत आख्खं पाकीट ओतणं ही सर्रास होणारी चूक.

इगतपुरीच्या पावसात उलटं होतं. २० अंशांतही भिजलेला माणूस वाऱ्यात गारठतो. ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली मॅट आणि वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा. नीट गिळता येत असेल तरच गोड गरम चहा.

सराव आणि पिशवी

अंजनेरीच्या पठारावर किंवा पांडवलेणीच्या पायथ्याशी महिन्याकाठी एक सराव ठेवा. एकाला चिठ्ठीवर लक्षणं लिहून जखमी बनवा, २० मिनिटं द्या, शेवटी फक्त बाकीच्यांनी लिहिलेली खाली पाठवायची चिठ्ठी तपासा. बहुतेक वेळा सगळे मोडका पाय धरून बसतात आणि श्वास मोजलेलाच नसतो, किंवा जखमी तसाच गार कातळावर पडून असतो. अंधारात, एका हेडलॅम्पवर हाच सराव पुन्हा करा. झोळी करून १०० मीटर उचलून न्या: सहा जण लागतात, आणि दर काही मिनिटांनी खांदेपालट. एक किलोमीटरला तास लागतो हे तेव्हा पटतं.

पिशवीत दोन १० सेंटिमीटरच्या क्रेप पट्ट्या, चार त्रिकोणी पट्ट्या, गॉझची भरपूर पाकिटं, २० मिलीलिटरची सिरिंज, हातमोजे, ओआरएसची सहा पाकिटं, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, दोन बाय तीन मीटर प्लॅस्टिक, हेडलॅम्प, वही आणि दोन पेनं. सिरिंज जखम धुवायला. किमान लिटरभर पिण्याचं पाणी जोराच्या धारेने मारा. हळद, कॉफी पावडर जखमेत घालू नका, डॉक्टरला तीच आधी काढावी लागते. मोडलेला अवयव बांधताना वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करा. बांधण्याआधी आणि नंतर बोटांचा रंग, स्पर्श, हालचाल बघा. सूज वाढते आणि तासाभरापूर्वी बरोबर असलेली पट्टी आवळू लागते, म्हणून वाटेत दर थांब्याला ती सैल करायची आहे का ते बघत चला.