पाऊस लागायच्या आत ग्रीनहाऊसची जमीन करून घ्या

मृग लागायला आता जेमतेम तीन आठवडे राहिलेत. आंब्याच्या पेट्या भरायच्या गडबडीत परसातल्या छोट्या ग्रीनहाऊसकडे बघायला कोणाला वेळ नसतो ते मला माहितीये, पण खाली जमिनीला काय टाकायचं ते आत्ताच ठरवा, कारण एकदा पाऊस धरला की गणपतीपर्यंत तिथे चिखलच तुडवायचा आणि वाडीतल्या कच्च्या रस्त्याने खडीचा डंपरही आत येत नाही.

नेटवर बघितलं तर लाकडी फळ्या, टाईल्स, रबर मॅट असलं काय काय दिसतं. ते बहुतेक थंड मुलखातलं, तिथे ऊब धरून ठेवायची असते. आपल्याकडे प्रश्न एकच, पाणी बाहेर कसं काढायचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, हिशोब करून बघा, 10 बाय 20 फुटाचं प्लास्टिकचं छप्पर असेल आणि दिवसात 100 मिलिमीटर पडला तर त्या एवढ्याशा छपरावरून साधारण अठराशे लिटर पाणी खाली येतं, आणि ते सगळं पागोळ्यांनी कडेलाच पडून आत घुसायला बघतं. शेडनेट असेल तर सरळ आतच.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा गवंड्याकडून सरसकट कोबा करून घेतला, गुळगुळीत, पण उतार काढायचं ना त्याला सुचलं ना मला. जुलैत पिशव्यांखाली बोटभर पाणी साचून राहिलं आणि पन्नियूर-1 ची मिरीची रोपं मुळाशी काळी पडून एकेक करत गेली, जवळजवळ सगळी. मिरीला मर लावणारी बुरशी साचलेल्या पाण्यातून आणि उडणाऱ्या शिंतोड्यांतूनच पसरते. त्यामुळे आता कोणी विचारलं तर मी पहिलं उताराचंच सांगतो, दर दहा फुटाला दीड-दोन इंच तरी पाहिजे आणि तो घराकडे नको, बाहेरच्या चराकडे पाहिजे.

चर मात्र खाल्ल्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना, पागोळी जिथे पडते बरोबर तिथे खणा, वीतभर तरी खोल. जागा सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर असेल तर वेगळाच प्रकार, खाली कातळ असल्यामुळे पाणी मुरतच नाही, नुसतं वरून वाहतं, तिथे खणत बसण्यापेक्षा चिऱ्याचा (जांभ्या दगडाच्या विटेचा) एक थर लावून जमीनच उचलून घ्या आणि वरच्या अंगाला बांध घालून येणारं पाणी वळवा. भातखाचराच्या कडेला असेल तर मी म्हणेन जागाच बदला.

आता टाकायचं काय. माझं मत स्पष्ट आहे, झाडांच्या खाली खडी आणि मधे चालायला चिरा. आधी गवत मुळापासून काढायचं, जमीन उतारात घेऊन चोपणीने नीट चोपायची, त्यावर वीड मॅट (तण येऊ न देणारं प्लास्टिकचं कापड, विणलेली घ्या, पाणी खाली सोडणारी, साधी ताडपत्री अजिबात नको, पाणी वरच थांबतं) आणि मॅटवर चार इंच खडी. 10 बाय 20 ला पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) पुरते. मॅट टाकायचा कंटाळा करू नका, नाहीतर पहिल्या दोन महिन्यांत खडी चिखलात रुतते आणि मग खडी काढताही येत नाही न् ठेवताही येत नाही. दोन पट्टे जोडताना वीतभर एकावर एक घ्या.

मधल्या वाटेला जांभ्याचे चिरे सिमेंट न लावता नुसते बसवा, फटीत बारीक कच भरा. घराच्या कामातले उरलेले तुकडे असतील तर तेही चालतात. ढकलगाडी फिरवायची असेल तर वाटेपुरता कोबा केला तरी हरकत नाही, पण खरबरीत आणि उतारात. शहाबादी नको, पावसात शेवाळ धरलं की पाय कधी सटकेल कळत नाही, घरातली म्हातारी माणसंच सकाळी पाणी घालायला जातात हे लक्षात ठेवा. चिऱ्यालाही शेवाळ येतंच, महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशने घासावं लागतं. ब्लीचिंग टाकलं तर ते पाणी पिशव्यांत जाऊ देऊ नका.

फुकट मिळते म्हणून पुळणीची (समुद्रकिनाऱ्याची) किंवा खाडीची वाळू आणून टाकू नका, तिच्यातल्या मिठाने रोपांची पानं कडेने करपतात. नारळाची सोडणंही खाली पसरू नका, ती ओल धरतात आणि खाली गोगलगायी जमतात, रात्रीत कोवळी रोपं फस्त. लाल मुरूम पायाला चांगला पण वरचा थर म्हणून नाही, पावसात त्याचा रेंदा होतो. शेणाने सारवायचं पण काही जण विचारतात, अहो खळं आपण पाऊस गेल्यावर करतो ना, इथे रोज पाणी पडणार, ते सुकणार कधी.

अजून एक. पिशव्या थेट मातीवर ठेवल्या की मुळं खालच्या भोकांतून जमिनीत शिरतात, वेंगुर्ला-7 ची काजू कलमं किंवा आंब्याची कोय कलमं लावायला उचलली की ती मुळं तुटतात आणि कलम मान टाकतं. मॅट आणि खडी असली की हे बरंच थांबतं, तरी अधूनमधून पिशव्या हलवत राहा.

उरलेले चिरे दाराशी ढीग करून ठेवू नका, फुरसं, तो विषारी साप, अशाच जागी बसतं. आणि खडीत हात घालून पडलेली पानं काढायची नाहीत, खराट्याने ओढा.

सगळं झालं की पाऊस यायच्या आधी पाईप लावून अर्धा तास पाणी सोडा. जिथे साचतं तिथे चुन्याच्या फक्कीने खूण करा, दुसऱ्या दिवशी तेवढीच खडी बाजूला करून, मॅट उचलून खालची जमीन भरून चोपा, नुसती वरून खडी ओतून डबकं झाकू नका. मग परत पाणी सोडून बघा.